काल घरी जेवण कोणी केलं?

वत्सलाबाई, तुमच्या निधनाची बातमी मी लिहिली नाही. पेडण्याच्या वार्ताहराने ती पाठवली, सहा ओळींची. नाव, गाव तुये, आरोग्य केंद्रातली परिचारिकेची नोकरी, मागे मुलगा, सून, नातवंडं. मी ती छापून आल्यावर वाचली. चूक एकही नव्हती. आमच्या धंद्यात एवढं पुरेसं मानतात, आणि मीही आजवर मानत आलो.

तरी आज, बाराव्या दिवशी, तुम्हाला उद्देशून लिहितो आहे. काल तुमच्या घरी डिचोलीच्या गटातली पार्वती भेटली. तिने एक गोष्ट सांगितली. ती मला ठाऊक नव्हती, आणि तुम्हालाही नव्हती. त्या गोष्टीवरूनच आपण दोघं भांडलो होतो. ती तुम्हाला कळवायची आहे. पण क्रमाने सांगतो. तुम्ही म्हणायचात, "पेपरवाल्यांना सुरुवातीपासून सांगायचा धीर नसतो. शेवट आधी सांगून मोकळे होतात." यावेळी तसं करत नाही.

खाणी जोरात चालू होत्या तेव्हाची गोष्ट. कर्करोगाच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने डिचोलीत गट सुरू करायचं ठरवलं. त्यांच्याकडे परदेशात तयार झालेली एक इंग्रजी पुस्तिका होती. आठ आठवडे, आठ बैठका. रुग्णांनी गोल करून बसायचं, आजाराबद्दल मनातलं बोलायचं, एकमेकांना धीर द्यायचा. कोणत्या बैठकीत काय विचारायचं, कितीला थांबायचं, सगळं छापलेलं. गट तुम्ही चालवणार होतात, कारण तुम्ही नुकत्याच निवृत्त झाला होतात आणि पेडणे आणि डिचोली अशा दोन्ही तालुक्यांत तुमची घरोघर ओळख होती. पुस्तिकेचं मराठी मी करणार होतो. शिवाय एक वही ठेवायची होती. मूळ पुस्तिकेत काही बदललं तर ते तीन रकान्यांत लिहायचं: मूळ काय, बदल काय, कारण काय. तेही काम माझ्याकडे आलं.

भाषांतर घेऊन मी तुयेला आलो तेव्हा तुम्ही सोप्यावर बसून आंबाडे निवडत होतात. हात पुसून चष्मा लावलात आणि एक वाक्य मोठ्याने वाचलंत: "आपल्या भावना गटासमोर मोकळेपणाने व्यक्त करा." मग चष्मा काढून म्हणालात, "शब्द सगळे बरोबर आहेत. पण ही भाषा अर्जाची."

मी विचारलं, "म्हणजे?"

"मुक्तीनंतर गावात मराठी शाळा आली, तेव्हा मी पहिलीत गेले. शाळेत मराठी, घरात आमची बोली. नोकरीचा अर्ज केला तो मराठीत. आई गेली तेव्हा रडले ती बोलीत. तुम्ही या बायकांना अर्जाच्या भाषेत रडायला सांगताय."

मी म्हणालो, मूळ मजकूर असाच आहे.

"मूळ मजकूर लिहिणारी बाई डिचोलीला येणार आहे का बसने?"

मला राग आला होता, कारण भाषांतरात चूक काढता येत नव्हती आणि तरीही ते नापास झालं होतं.

पहिला बदल दिवसाचा. पुस्तिकेत शनिवार सुचवला होता. तुम्ही आठवड्याच्या बाजाराचा दिवस धरलात. मी वहीत कारण लिहिलं: 'रुग्णांच्या सोयीसाठी.' तुम्ही ते वाचून हसलात. "सोय कसली? आडोसा म्हणा. हातात बाजाराची पिशवी असली की कोण विचारतो कुठे चाललीस म्हणून?" मी कारण बदललं. तुम्ही म्हणालात ते खरंच होतं. बायका पिशव्या घेऊन यायच्या, पाय ओढत जिना चढायच्या आणि परत जाताना खरोखरच दोन जुड्या तांबडी भाजी घेऊन जायच्या, म्हणजे घरी दाखवायला काही असावं.

पहिल्या बैठकीला खुर्च्या बारा होत्या, माणसं सात. सगळ्या बायका. डोक्यावर पदर घट्ट. तुम्ही पुस्तिकेप्रमाणे पहिला प्रश्न विचारलात: "आजाराबद्दल तुम्हाला काय वाटतं?" डावीकडून पहिली म्हणाली, "बरं हां," म्हणजे बरी आहे. दुसरी म्हणाली, "बरं हां." तिसरी पाळी गावची पार्वती. ती मूळची पलीकडची, सिंधुदुर्गातली. नवरा खाणीवर टिपर चालवायचा. स्तनाचं ऑपरेशन झालेलं, सलाईनातून औषध सुरू. ती म्हणाली, "माका काय झाला नाय ओ. बरा आसा." पुस्तिकेने या प्रश्नाला चाळीस मिनिटं दिली होती. सातही उत्तरं मिळून दोन मिनिटंसुद्धा झाली नाहीत. उरलेला वेळ पंख्याचा आवाज ऐकण्यात गेला. मी वहीत लिहिलं: 'प्रतिसाद मिळाला नाही.'

दुसऱ्या आठवड्यात तुम्ही खुर्च्या भिंतीला लावल्यात आणि चटया घातल्यात. सगळ्या बसल्यावर पुस्तिका मिटून मांडीखाली घातलीत, आणि पहिलीला सहज विचारलंत, "काल घरी जेवण कोणी केलं गे?"

ती म्हणाली, "मीच." मग थांबली. मग म्हणाली, "बसून केलं. उभं राहवत नाही." दुसरी म्हणाली, सुनेने केलं, पण ताट वेगळं ठेवलं, पेलाही वेगळा. तिला वाटतं हा आजार लागतो. ते सांगताना ती चटईची काडी ओढत होती. तिसरी पार्वती. ती म्हणाली, "सासूबायन केल्यान." तुम्ही विचारलंत, "आणि तू काय केलंस?" ती म्हणाली, "वास येता म्हणान भायर बसलंय. टिपरांची धूळ खाल्लंय." सगळ्या हसल्या. पार्वतीही हसली. मग तिने सांगितलं की सासू तिच्याशी दोन महिने बोललेली नाही, फक्त ताट वाढून समोर सरकवते.

त्या दिवशी बैठक वेळेत संपली नाही. शेवटची बस चुकू नये म्हणून तुम्हीच सगळ्यांना उठवलंत.

बाई, तो प्रश्न आपल्या वहीतला सगळ्यात मोठा बदल होता. पुढे संस्थेची वरची माणसं वही बघायला आली, तेव्हा त्यांनी त्याच पानाला खूण घातली. मी कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: 'थेट प्रश्नाला इथे उत्तर मिळत नाही.' ते गेल्यावर तुम्ही मला म्हणालात, "हे खोटं आहे. 'बरं हां' हे उत्तरच असतं. तुम्हाला ते ऐकू आलं नाही, एवढंच." आपला तो वाद कधी मिटला नाही. मी म्हणायचो, जे वाक्यात नाही ते नोंदवता येत नाही. तुम्ही म्हणायचात, मग रकाना कोरा ठेवा, पण चुकीचं भरू नका. आज मला वाटतं, तुमचं निम्मं बरोबर होतं. सगळं बरोबर होतं असं म्हटलं तर तुम्हीच मला टोकाल.

चौथ्या बैठकीतला समुद्र आठवतो? पुस्तिकेत लिहिलं होतं: डोळे मिटा, शांत समुद्रकिनाऱ्यावर बसला आहात अशी कल्पना करा. मी त्याचं मराठी फार जपून केलं होतं. लाटांचा आवाज, मऊ वाळू, सगळं होतं. तुम्ही ते वाचून दाखवलंत. सर्वण गावच्या काशीबाईंनी एक डोळा उघडला. त्या शेतकरी घरातल्या, विधवा, जिभेला हाड नसलेल्या. म्हणाल्या, "दर्यार? म्हज्या घोवाचीं हाडां सोडूंक गेल्लें, तेन्ना दर्यो पळयिल्लो. उपरांत ना." नवऱ्याच्या अस्थी सोडायला गेल्या, तेव्हा समुद्र पाहिला होता, त्यानंतर नाही. बाकीच्यांनीही डोळे उघडले. दोघी तिघी मान हलवत होत्या. डिचोलीच्या या गावांना समुद्र दिसत नाही. तिकडे जायचं ते बहुतेक त्याच कामाला.

मी घाबरलो. तुम्ही नाही. विचारलंत, "मग बरं कुठे वाटतं?" काशीबाई म्हणाल्या, "न्हाणयेंत. ऊन उदक आंगार घेतना. थंय कोण आपोवना." न्हाणीघरात, गरम पाणी अंगावर घेताना, कारण तिथे कोणी हाक मारत नाही. तुम्ही तिथल्या तिथे समुद्र काढून टाकलात आणि सात बायकांना डोळे मिटायला लावून न्हाणीघरात नेलंत. चुलीचा धूर, तांब्याचं भांडं, पहिला तांब्या खांद्यावर. एकीला रडू आलं. ऑपरेशननंतर तिने आपल्या अंगाकडे पाहिलंच नव्हतं, अंधार करून आंघोळ करायची. हे तिने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं, आणि मी खोलीत आहे याचा तिला विसर पडला होता. मी पेन खाली ठेवून बाहेर गेलो. त्या पानावर मूळ आणि बदल आहे, कारण नाही.

पाचव्या आठवड्यात पार्वती आली नाही.

सहाव्या आठवड्यात काशीबाईंनी बाजारातून खबर आणली. पार्वतीची तीन सलाईनं झाली होती, तीन उरली होती. चौथ्याची तारीख उलटून गेली. तिच्या सासूने देवळात कौल लावला होता. आपल्याकडची ही रीत, वाचणाऱ्यांसाठी सांगतो: देवाच्या मूर्तीला भिजवलेल्या पाकळ्या लावतात, गाऱ्हाणं घालतात, प्रश्न विचारतात. उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. पाकळी डावी पडली होती. सासू म्हणाली, देवाने नको म्हटलं. नवरा आईच्या शब्दाबाहेर नव्हता. पार्वती घरी बसली.

मी तुम्हाला काय काय सुचवलं ते मला आठवतं, आणि ते लिहिलं पाहिजे. डॉक्टरांना घरी न्यावं. पंचायतीकडून दबाव आणावा. नाव न घेता मी एक बातमी करावी. तुम्ही शेवटच्या सूचनेवर एवढंच म्हणालात, "पाळीत टिपरवाल्यांच्या कॅन्सर झालेल्या बायका किती आहेत? नाव कशाला घालायला हवं?" मग पिशवी उचललीत. "चला. आधी बघू काय विचारलं ते."

"कोणाला?"

"देवाला."

पाळीची बस लाल धुळीतून गेली. पार्वतीचं घर रस्त्याला लागून, दाराच्या चौकटीपर्यंत तांबडं. सासू दारात बसली होती, लहान चणीची, कपाळ कोरं. पार्वती आतल्या दारामागे उभी. तुम्ही आजाराचं नावही काढलं नाही. म्हातारीच्या गुडघ्याला हात लावून पाहिलात, सूज किती दिवस आहे ते विचारलंत, पाणी मागून प्यायलात. मग म्हणालात, "आये, देवाक काय इचारलंस?"

म्हातारी म्हणाली, "ह्या सलाईनान सून माजी बरी होतली काय, असा इचारलंय. देवान डावो दिल्यान."

तुम्ही मान हलवलीत. "आये, ह्या प्रश्नाक डॉक्टर पण उजवो कौल देवचो नाय. तेंका पण खबर नाय. देवाक येवढ्या कोड्यात कित्याक घातलंस?"

म्हातारीने पदर गुडघ्यावर ओढला. मग म्हणाली, "मगे काय इचारू?"

"ता तूच ठरव. पण जेचा उत्तर तुका पाळूचा आसा, तेवढाच इचार."

एवढंच. तुम्ही उठलात. मी अजून काहीतरी होईल म्हणून बसून होतो.

परतीच्या बसमध्ये मी तुमच्याशी भांडलो. मी म्हणालो, तुम्ही एका बाईचं औषध पुन्हा पाकळीवर सोडलंत. तीस वर्षं आरोग्य केंद्रात सुई टोचलीत आणि आज देवळाची वाट दाखवून आलात. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. मी विचारलं, "आणि यावेळीही डावी पडली तर?"

"तर परत जाईन."

"परत जाऊन काय कराल?"

"ते परत गेल्यावर बघू. तुम्हाला सगळं आजच छापायचं असतं."

दोन दिवसांनी तुम्ही त्या सासू-सुनेबरोबर देवळात गेलात. मला बोलावलं नाही, मीही विचारलं नाही. आठव्या, शेवटच्या बैठकीला पार्वती आली. डोक्याला रुमाल, हातात पिशवी. आदल्या आठवड्यात चौथं सलाईन झालं होतं. सासू तिला इस्पितळात घेऊन गेली होती आणि दिवसभर बाजूच्या बाकावर बसून राहिली होती. काशीबाई म्हणाल्या, "आयली गे, धूळ खाऊन कंटाळली." पार्वती त्यांच्या शेजारी जाऊन बसली. सगळ्यांनी तिच्यासाठी जागा केली, आणि मी जिन्याच्या तोंडाशी तुम्हाला गाठून विचारलं, "पाकळी कुठे पडली?"

तुम्ही म्हणालात, "ती आली ना? चटई घाला."

मी पुन्हा विचारलं. तुम्ही स्वतःच चटई उचललीत. तेव्हा मी म्हणालो, "पुजाऱ्याला आधी सांगून ठेवलं होतंत तुम्ही." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी त्या नजरेचा अर्थ होकार असा घेतला. बाई, ते वाक्य मी तुम्हाला विचारलं नव्हतं, ऐकवलं होतं. प्रश्नचिन्ह नसलेल्या वाक्याला तुम्ही उत्तर द्यायला बांधलेल्या नव्हतात.

वही मी संस्थेला दिली. गट चालू राहिला, नवे रुग्ण येत गेले, पण मी पुन्हा गेलो नाही. दोन वर्षं आपण बाजारात भेटलो तर नमस्कार करून पुढे जायचो.

मग माझ्या बायकोला कर्करोगाचं निदान झालं. मी कोणाला कळवलं नव्हतं. विचारणाऱ्याला 'बरं आहे' सांगत होतो, आणि ते सांगताना डिचोलीच्या त्या खोलीची मला एकदाही आठवण झाली नाही. एका सकाळी तुम्ही पेडण्याला आमच्या दारात उभ्या. नमस्कार नाही, चौकशी नाही. चप्पल काढता काढता विचारलंत, "काल जेवण कोणी केलं?"

मी म्हणालो, "पोदेराचे उंडे होते." म्हणजे पाववाल्याकडचे गोल पाव.

"आणि परवा?"

"परवाही."

ही तुमची युक्ती मला पाठ होती. स्वतःच्या अक्षरात मी तिची नोंद केली होती. तरीही पावाचं नाव तोंडून निघून गेलं होतं. तुम्ही सरळ आत जाऊन पेजेचं आधण ठेवलंत, आणि स्वयंपाकघरातून ओरडलात, "ओ पेपरवाले, तुमच्या मिठाच्या बरणीत साखर आहे. बातम्याही अशाच लावता का?" आतल्या खोलीतून माझी बायको हसली. त्या महिन्यात ती पहिल्यांदाच हसत होती. पुढचे चार महिने तुम्ही दर आठवड्याला आलात. मला भात कुकरला लावायला शिकवलंत, तिला बोलायला लावलंत, आणि दोघांनाही एकदाही उपदेश केला नाहीत. ती आज बरी आहे. हा लेख छापायला देण्याआधी तिने वाचला आणि मिठाच्या बरणीची गोष्ट ठेवायला लावली.

त्या चार महिन्यांत कौलाचा विषय तुम्ही काढला नाहीत. मीही नाही. तुमचे उपकार होत असताना तुमच्यावर संशय ठेवायचा, हे मला जमत होतं. मनात मी तडजोड केली होती: बाईंनी एकदा खोटेपणा केला, पण चांगल्या कारणासाठी. मी तुम्हाला माफ केलं होतं. हे लिहिताना लाज वाटते.

आता कालचं. तुमच्या सोप्यावर माणसं बसली होती. पार्वती उशिरा आली. केस पिकलेत, पण दाट आहेत. गेली काही वर्षं बाजाराच्या दिवसाचा गट तीच चालवते, हे तुम्हाला सांगायला नको. सासू चार वर्षांपूर्वी गेली, तिच्या हातांत. पार्वती माझ्या शेजारी येऊन बसली आणि तुमच्याबद्दल बोलू लागली. मी इतक्या वर्षांत तिच्याशी एकट्याने कधी बोललोच नव्हतो. मी तिला विचारलं, "त्या दिवशी कौल उजवा कसा पडला?"

ती म्हणाली, "कौल लावकच नाय ओ."

मी म्हणालो, "म्हणजे?"

"पुजाऱ्यान पाकळी भिजवन हातात घेतल्यान. सासूबायक म्हटल्यान, काय इचारू? सासू उगी ऱ्हवली. लय येळ. माका वाटला, इसारली. मगे म्हणाली, इचारूचा काय नाय. सांगूचा आसा." पार्वतीने पदर नीट केला आणि सासूच्या आवाजात ते गाऱ्हाणं म्हणून दाखवलं: "देवा म्हाराजा, उरलल्या सलाईनांक सून जातली. मीय वांगडा जातलंय. तू पण ये."

सून उरलेल्या सलाईनांना जाणार. मीही सोबत जाणार. तूही ये. पुजाऱ्याने पाकळ्या परत तबकात ठेवल्या.

मी विचारलं, "आणि बाई काय म्हणाल्या?"

"बाय खंय होती थंय? भायर पायरेर बसलली. म्हणाली, तुमचो देव, तुमी बगा. आमी भायर इलो तर इतक्याच इचारल्यान, चौथ्या सलाईनाची तारीख खंयची? मगे बसीर बसली नि गेली."

"तू त्यांना सांगितलं नाहीस आत काय झालं ते?"

"तेंणी इचारूक नाय. तुमी पण इचारूक नाय."

बाई, बातमी एवढीच आहे. मी जिन्याच्या तोंडाशी तुम्हाला पाकळीबद्दल विचारलं, तेव्हा तुम्ही काही लपवत नव्हतात. तुम्हाला ते माहीत नव्हतं. तुम्ही त्या म्हातारीला प्रश्न शोधायला सांगून बाहेर जाऊन बसला होतात, आणि ती आत काय करते हे बघायला मागे वळलासुद्धा नाहीत. मी पुजाऱ्याचं नाव घेतलं, तेव्हा एक वाक्य बोलून तुम्ही मला खोटं पाडू शकला असतात. पण मी पुरावा मागितला असता, आणि त्यासाठी तुम्हाला म्हाताऱ्या बाईच्या घरी जाऊन आत काय झालं ते विचारावं लागलं असतं. ते तुम्ही केलं नाहीत. माझ्याकडून आलेला आळ तुम्ही तसाच राहू दिलात, आणि पुढे माझ्या घरी येऊन पेज शिजवलीत.

आमच्याकडे चूक छापली गेली तर दुसऱ्या दिवशी, त्याच पानावर, दुरुस्ती छापतात. मला उशीर झाला. पण पार्वती वाचते, काशीबाईंना त्यांची नात वाचून दाखवते, आणि तुमचा मुलगा हा लेख तुमच्या फोटोसमोर ठेवणार आहे म्हणाला. त्या सगळ्यांच्या देखत लिहितो: डिचोलीच्या गटातल्या एका रुग्णाच्या उपचारासाठी वत्सलाबाईंनी देवळात निकाल ठरवून घेतला, असं मी म्हणालो होतो. ते चुकीचं होतं. निकाल ठरवला तो पाळीच्या एका सासूने, आपल्या तोंडाने, सुनेला शेजारी उभं करून. वत्सलाबाईंनी फक्त तिच्यावर विश्वास ठेवला होता.